नाम, रूप आणि तोल : मध्ययुगीन खड्गाच्या संगणकीय प्रतिकृतींची ऐतिहासिक चिकित्सा

१

युरोपातील मध्ययुगीन शस्त्रांची पहिली ओळख विद्यार्थ्याला कोठे होते, या प्रश्नाचे उत्तर गेल्या तीन-चार दशकांत पालटले आहे. पूर्वी ही ओळख पाठ्यपुस्तकातील रेखाचित्रांवरून, वॉल्टर स्कॉटसारख्या कादंबरीकारांच्या वर्णनांवरून आणि क्वचित एखाद्या वस्तुसंग्रहालयाच्या दालनातून होत असे. आता ती पुष्कळदा व्हिडिओ गेमच्या पडद्यावर होते. या खेळांतील खड्ग, परशू, भाला, चिलखत ही सर्व संगणकावर घडविलेली त्रिमितीय प्रतिकृती असते. आणि तिच्या निर्मात्यांकडून ती इतिहासाला धरून असल्याचे वारंवार सांगितले जाते. इतिहासाच्या अभ्यासकांनी या दाव्याकडे आजवर बहुधा दोनच दृष्टींनी पाहिले आहे. काहींनी तो करमणुकीचा विषय म्हणून सोडून दिला, तर काहींनी एकेका प्रतिकृतीतील चुका मोजून दाखविल्या. या चुका येतात कोठून, हा प्रश्न मात्र मागे राहिला.

या प्रश्नाचे एक उत्तर भाषेच्या इतिहासात सापडते. प्रतिकृतीकार कामाला आरंभ करतो तेव्हा त्याच्यापुढे प्रत्यक्ष शस्त्र नसते. शस्त्रांच्या नावांची यादी असते. ‘लांब खड्ग’, ‘आखूड खड्ग’, ‘रुंद खड्ग’, ‘दुहाती खड्ग’ अशी ती यादी त्याला आधीच्या खेळांकडून वारशाने मिळालेली असते. त्या नावाला शोभेल असे रूप तो घडवितो. प्रतिकृतींतील अनेक दोषांचे मूळ घडविणाऱ्याच्या हातात नसून या नामावलीत आहे. आणि ही नामावली मध्ययुगाने नव्हे, तर त्यानंतरच्या तीन निरनिराळ्या काळांनी रचलेली आहे, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे.

२

नावाचा प्रभाव नेमका कोठे पडतो हे समजण्यासाठी प्रतिकृती कशी तयार होते हे थोडक्यात पाहणे अवश्य आहे. संगणकावरील खड्ग म्हणजे लहान लहान त्रिकोणांचे एक जाळे होय. त्रिकोण जितके अधिक, तितका आकार सूक्ष्म. परंतु तितकाच यंत्रावरील भारही अधिक. म्हणून कारागीर प्रथम पुष्कळ त्रिकोणांची सूक्ष्म प्रतिकृती करतो, तिच्यावरील उंचसखलपणा एका चित्रात उतरवून घेतो, आणि ते चित्र थोड्या त्रिकोणांच्या साध्या प्रतिकृतीवर चढवितो. पात्याच्या मधोमध असलेली पन्हळ, मुठीवरील चामड्याची वीण, धारेवरचे खाचखळगे हे सर्व पुष्कळदा अशा रीतीने केवळ छायाप्रकाशाच्या भासाने दाखविलेले असतात. धातूची चकाकी आणि गंज यांसाठी पृष्ठभागाचे गुणधर्म वेगळे नोंदविले जातात.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. त्रिकोणांच्या या जाळ्याला वजन नसते. खेळातील शस्त्राचे वजन हा एका तक्त्यात स्वतंत्रपणे लिहिलेला आकडा असतो, आणि ते शस्त्र किती वेगाने फिरावे हे हालचाली रचणारा दुसराच कारागीर ठरवितो. प्रत्यक्ष खड्गात रूप, वजन आणि हालचाल यांचा संबंध पोलादानेच बांधून दिलेला असतो. लोहाराला तो तोडता येत नाही. प्रतिकृतीत मात्र या तिन्ही गोष्टी सुट्या होतात, आणि त्यांना एकत्र ठेवणारे सूत्र उरते ते केवळ नावाचे. नाव चुकीचे असले की तिन्ही गोष्टी एकाच दिशेने चुकतात, आणि म्हणून ती चूक सुसंगत, अर्थात विश्वसनीय वाटते.

याचे एक साधे गणित मांडता येईल. ८० सेंटिमीटर लांब, ५ सेंटिमीटर रुंद आणि सर्वत्र १ सेंटिमीटर जाड असे पाते कल्पावे. पडद्यावर धार चमकावी व पाते भक्कम दिसावे म्हणून अशी जाडी प्रतिकृतींत सर्रास दिली जाते. त्याचे घनफळ ४०० घन सेंटिमीटर भरते. पोलादाची घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे ७.८५ ग्रॅम धरली, तर एकट्या पात्याचे वजन ३ किलोग्रॅमच्या वर जाते. आता मध्ययुगीन रीतीचे पाते घ्यावे. तेही ८० सेंटिमीटर लांब. पण रुंदी मुठीपासून टोकाकडे कमी होत जाऊन सरासरी ४ सेंटिमीटर. मधली जाडीही तशीच उतरत जाऊन सरासरी ४ मिलिमीटर. आणि छेद भिंगासारखा, म्हणजे त्याच मापांच्या आयताच्या सुमारे दोन-तृतीयांश क्षेत्रफळाचा. याचे घनफळ अदमासे ८५ घन सेंटिमीटर आणि वजन ६७० ग्रॅम होते. मूठ, आडवी दांडी व मुठीच्या टोकाचा लट्टू यांचे साडेतीनशे-चारशे ग्रॅम मिळविले, तरी संपूर्ण खड्ग एक किलोग्रॅमच्या आसपासच राहते. संग्रहालयांतील एकहाती मध्ययुगीन खड्गे साधारणतः १ ते १.५ किलोग्रॅम वजनाची आहेत, या गोष्टीशी हे जुळते. दोन्ही पाती समोरून पाहता पडद्यावर जवळजवळ सारखीच दिसतात. फरक आहे तो जाडीत, आणि जाडी हीच गोष्ट चित्रातही दिसत नाही व नावातही येत नाही.

३

आता नावांच्या पहिल्या थराकडे वळावयाचे. ‘लांब खड्ग’ हे नाव मध्ययुगीनच आहे. जर्मन भाषेतील ‘लांगेस श्वेर्ट’ हा शब्दप्रयोग चौदाव्या-पंधराव्या शतकांतील खड्गविद्येच्या हस्तलिखितांत आढळतो. योहानेस लिख्तेनाउअर या गुरूची परंपरा सांगणाऱ्या या हस्तलिखितांपैकी एक जुने हस्तलिखित न्यूरेम्बर्गच्या गेर्मानिशेस नॅशनलम्युझियममध्ये आहे. हान्स टालहोफर याचे १४६७ चे सचित्र हस्तलिखित म्युनिकमध्ये आहे. या ग्रंथांतच ‘कुर्त्सेस श्वेर्ट’, म्हणजे ‘आखूड खड्ग’, असाही प्रयोग येतो. आधुनिक वाचकाची समजूत साहजिकच अशी होते की, येथे दोन निराळ्या लांबींची दोन शस्त्रे अभिप्रेत असावीत.

वस्तुस्थिती तशी नाही. दोन्ही हातांनी मूठ धरून पूर्ण पात्यानिशी लढणे म्हणजे ‘लांब खड्गाने’ लढणे. आणि एक हात मुठीवर ठेवून दुसऱ्या हाताने पात्याचाच मध्यभाग धरणे व चिलखताच्या सांध्यांत टोक खुपसणे म्हणजे ‘आखूड खड्गाने’ लढणे. वस्तू एकच; तिचा विनियोग दोन प्रकारचा. ‘लांब’ आणि ‘आखूड’ ही विशेषणे व्याकरणदृष्ट्या नामाला लागलेली दिसत असली, तरी अर्थदृष्ट्या ती क्रियाविशेषणांचे काम करीत होती. तेच खड्ग दोन्ही हातांनी पात्याकडून धरून, उलटे करून, मुठीकडील भागाने हातोड्यासारखा प्रहार करण्याच्या रीतीला ‘मोर्डहाउ’ असे नाव होते. २०१९ मध्ये याच नावाचा एक व्हिडिओ गेम प्रसिद्ध झाला, हे या परंपरेकडे निर्मात्यांचे लक्ष गेल्याचे चिन्ह होय.

कालांतराने ही विद्या मागे पडली. तिची भाषा विसरली गेली. आणि विशेषणे वस्तूला कायमची चिकटली. विनियोगाचे नाव वस्तूचे नाव झाले. मग ‘लांब’ व ‘आखूड’ अशी दोन नावे आहेत त्या अर्थी दोन वस्तू असल्याच पाहिजेत, असे अनुमान निघाले, आणि खेळांच्या शस्त्रागारात दोन स्वतंत्र प्रतिकृती दाखल झाल्या. पूर्वी एकाच खड्गाने होणारे काम दोघांत वाटले गेले. पाते हाताने धरण्याची रीत, जी त्या काळच्या लढाईचे मर्म होती, ती बहुतेक खेळांतून लुप्त झाली.

४

दुसरा थर अठराव्या व एकोणिसाव्या शतकांतील प्राचीन वस्तूंच्या संग्राहकांनी रचला. ‘मेल’ हा इंग्रजी शब्द लॅटिन ‘माकुला’ व फ्रेंच ‘माय’ यांवरून आला. त्याचा अर्थ जाळीचे घर. म्हणजे कड्यांत कड्या गुंफून केलेले चिलखत, एवढाच त्याचा मूळ विषय. परंतु पुढे हा शब्द कोणत्याही चिलखताला लावला जाऊ लागला. फ्रान्सिस ग्रोज याच्या १७८६ च्या प्रबंधात ‘प्लेट-मेल’ हा जोडशब्द येतो. मूळ अर्थाने पाहता तो ‘पत्र्याची जाळी’ असा वदतोव्याघात आहे.

त्यानंतर सॅम्युएल रश मेरिक याने १८२४ मध्ये प्राचीन चिलखतांवर तीन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. या विषयाला शिस्त लावण्याचे श्रेय त्याच्याकडे जाते, हे नि:संशय. तथापि त्याच्या रीतीत एक मूलभूत दोष होता. बायोच्या भरतकामात, मुद्रांवर, थडग्यांवरील मूर्तींत कारागिरांनी कड्यांचे चिलखत निरनिराळ्या संकेतांनी दाखविले आहे : कोठे सुटी वर्तुळे, कोठे तिरकस जाळी, कोठे आडवे पट्टे. कड्यांचे सूक्ष्म जाळे दगडात अथवा दोऱ्यात जसेच्या तसे उतरविणे कठीण, म्हणून हे संकेत आले. मेरिकने प्रत्येक संकेताला एक स्वतंत्र वस्तू मानले आणि प्रत्येकीला स्वतंत्र नाव दिले. चित्रकाराच्या लेखणीतील भेद याप्रमाणे चिलखताच्या जाती झाल्या. विसाव्या शतकातील अभ्यासकांनी यांतील बहुतेक जाती अमान्य केल्या. परंतु तोवर नावे कोशांत व लोकप्रिय पुस्तकांत स्थिरावली होती. वस्तू नाहीशी झाली तरी शब्द उरतो. आणि ज्याने मूळ वाद वाचलेला नाही, त्याला शब्द हाच वस्तूचा पुरावा वाटतो.

‘रुंद खड्ग’, म्हणजे इंग्रजीतील ‘ब्रॉडसोर्ड’, याची कथा याहून साधी आहे. सतराव्या शतकापासून सभ्य गृहस्थ कमरेला जे बारीक, केवळ खुपसण्याचे खड्ग बाळगीत, त्याच्या तुलनेत सैनिकांचे कापण्याचे खड्ग रुंद ठरले. स्कॉटलंडमधील जाळीदार मुठीची खड्गे या नावाने विशेष प्रसिद्ध आहेत. मध्ययुगात तुलनेला ते बारीक खड्गच नव्हते. म्हणून कोणत्याही खड्गाला ‘रुंद’ म्हणण्याचे कारणही नव्हते. पुढील काळाने आपल्या सापेक्ष विशेषणाने मागील काळाच्या वस्तूला नाव दिले. प्रतिकृतीकार मात्र ते विशेषण निरपेक्ष समजतो, आणि हाताच्या पंजाएवढे रुंद पाते घडवितो.

५

तिसरा थर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील आहे, आणि संगणकाच्या पडद्यावर नावे पोहोचली ती याच वाटेने. अमेरिकेत शिशाच्या सैनिकांनी मेजावर लढाया खेळण्याचा छंद होता. त्यासाठी गॅरी गायगॅक्स व जेफ पेरेन यांनी १९७१ मध्ये ‘चेनमेल’ नावाचे नियमपुस्तक काढले. त्यातूनच गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ मध्ये निर्माण झाला. अशा खेळाला तक्ते लागतात. आणि तक्त्याला अशी नावे लागतात की जी एकमेकांपासून स्पष्ट वेगळी असतील व ज्यांना वेगवेगळे आकडे देता येतील. संग्राहकांच्या ग्रंथांतून चालत आलेली नामावली या कामाला अत्यंत सोयीची ठरली. १९७८ च्या नियमपुस्तकातील चिलखतांच्या यादीत मेरिकच्या परंपरेतील ‘रिंग मेल’ व ‘बँडेड मेल’ आहेत, आणि ग्रोजचे ‘प्लेट मेल’ही आहे.

खड्गांना याच तक्त्यांत वजने मिळाली. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत दुहाती खड्गाचे वजन १५ पौंड, म्हणजे जवळजवळ ७ किलोग्रॅम दिले आहे. वस्तुतः सोळाव्या शतकातील लढाऊ दुहाती खड्गे साधारणतः २ ते ३.५ किलोग्रॅम भरतात. त्याहून जड अशी काही आढळतात ती मिरवणुकीची. १९९८ मधील ‘बाल्डर्स गेट’ हा व्हिडिओ गेम याच दुसऱ्या आवृत्तीच्या नियमांवर रचलेला होता. म्हणजे ग्रंथातील नाव तक्त्यात आले, तक्त्यात त्याला आकडा मिळाला, आणि तो आकडा नावासह पडद्यावर गेला. १९९९ च्या ‘एज ऑफ एम्पायर्स’च्या दुसऱ्या भागात पायदळाच्या शिपायाची बढती ‘मॅन-ॲट-आर्म्स’, मग ‘लांब खड्गाचा शिपाई’, मग ‘दुहाती खड्गाचा शिपाई’ अशा क्रमाने होते. येथे ‘लांब’ आणि ‘दुहाती’ हे दोन निराळे दर्जे झाले आहेत. आणि ‘मॅन-ॲट-आर्म्स’ हा शब्द, जो चौदाव्या शतकात पूर्ण चिलखत घातलेल्या, सामान्यतः घोडेस्वार असलेल्या योद्ध्याला लावीत, तो पायदळाच्या खालच्या पायरीवर उतरला आहे.

या परंपरेत सुधारणा झालीच नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या २०१४ च्या आवृत्तीत मोठ्या दुहाती खड्गाचे वजन ६ पौंडांवर, म्हणजे सुमारे २.७ किलोग्रॅमवर, आणि लांब खड्गाचे ३ पौंडांवर आले. आकडे दुरुस्त झाले. नावे आणि त्यांतील विभागणी मात्र राहिली. आकड्यापेक्षा शब्द अधिक चिवट असतो, याचे हे बोलके उदाहरण होय.

६

नावावाचून शस्त्राचे वर्गीकरण करता येईल काय? पुरातत्त्वविद्येने या प्रश्नाचे होकारार्थी उत्तर शंभर वर्षांपूर्वीच दिले आहे. यान पीटरसन या नॉर्वेजियन अभ्यासकाने १९१९ मध्ये व्हायकिंग काळातील खड्गांचे मुठींच्या आकारांवरून वर्गीकरण केले. १९२७ मध्ये मॉर्टिमर व्हीलर यांनी ते सुटसुटीत करून सात प्रकारांत आणले. हेच व्हीलर पुढे १९४४ ते १९४८ या काळात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे महासंचालक होते. इंग्लंडमधील ईवर्ट ओकशॉट यांनी त्यांत आठवा व नववा प्रकार घालून, त्यापुढील मध्ययुगीन खड्गांसाठी १० ते २२ असे प्रकार सिद्ध केले. १९६० मधील ‘द आर्किऑलॉजी ऑफ वेपन्स’ आणि १९६४ मधील ‘द सोर्ड इन द एज ऑफ शिव्हलरी’ या त्यांच्या ग्रंथांत ही मांडणी आढळते.

ओकशॉट यांनी मुठीऐवजी पात्याला प्राधान्य दिले : पात्याची बाह्यरेषा कशी उतरते, छेद भिंगासारखा की चौकटसारखा, पन्हळ किती लांब, मूठ एका हाताची की दोन हातांची. मुठीच्या टोकाचे लट्टू व आडव्या दांड्या यांची वर्गवारी त्यांनी निराळी ठेवली, कारण जुन्या पात्याला नवी मूठ बसविण्याची चाल होती. दहाव्या प्रकाराचे पाते रुंद, चपटे, लांब पन्हळीचे. ते कड्यांच्या चिलखताच्या काळात कापण्यासाठी केलेले. पंधराव्या प्रकाराचे पाते टोकाकडे झपाट्याने निमुळते होणारे, चौकट छेदाचे, ताठ. पत्र्याचे चिलखत प्रचारात आल्यावर फटींत खुपसण्यासाठी केलेले. दोन प्रकारांमधील हा भेद म्हणजे चिलखताच्या इतिहासाची पात्यावर उमटलेली नोंदच होय. ‘लांब’ आणि ‘रुंद’ या शब्दांत तो कोठेही सापडत नाही.

संख्येने दर्शविलेल्या प्रकाराचा आणखी एक लाभ आहे. संख्या काही सुचवीत नाही. ‘पंधरा-अ’ हे ऐकून कोणाच्याही मनात आपोआप चित्र उभे राहत नाही. वस्तूकडे जाऊन पाहावे लागते. विशेषण मात्र पाहण्यापूर्वीच चित्र पुरविते. तरीही ओकशॉट यांची मांडणी प्रतिकृतीकाराला पुरेशी नाही, हेही सांगावयास हवे. ती बाह्यरेषा व छेद सांगते; जाडी मुठीपासून टोकापर्यंत कशी उतरते आणि तोलबिंदू कोठे येतो, हे प्रत्येक खड्ग हाती घेऊन मोजावे लागते. लंडनच्या वॉलेस संग्रहाची जेम्स मान यांनी सिद्ध केलेली १९६२ ची सूची, अथवा झोलिंगेनच्या खड्ग-संग्रहालयात २०१५ मध्ये भरलेले खड्गाच्या रूपविचाराला वाहिलेले प्रदर्शन, यांचे मोल या दृष्टीने फार मोठे आहे.

७

प्रतिकृतीकाराने देश व काळ निश्चित केल्यास नावाचा अंमल किती कमी होतो, हे प्राग येथील वॉरहॉर्स स्टुडिओज या संस्थेच्या ‘किंगडम कम : डिलिव्हरन्स’ या २०१८ च्या खेळावरून दिसते. हा खेळ १४०३ मधील बोहेमियात घडतो. राजा चौथा वेन्सेस्लास व त्याचा भाऊ सिगिस्मंड यांच्यातील संघर्ष ही त्याची पार्श्वभूमी होय. निर्मात्यांनी इतिहासज्ञांचा सल्ला घेतला, आणि लढण्याच्या हालचालींसाठी पंधराव्या शतकातील खड्गविद्येच्या ग्रंथांचा आधार घेतला. ‘मध्ययुग’ म्हटल्यावर सुमारे हजार वर्षांची सर्व शस्त्रे एकाच दालनात येतात. ‘१४०३’ म्हटल्यावर अकराव्या शतकातील चपटे पाते आपोआप बाहेर राहते व सोळाव्या शतकातील प्रचंड दुहाती खड्गालाही प्रवेश मिळत नाही. वर्षाचा आकडा येथे चाळणीचे काम करतो.

यावर एक आक्षेप सहज घेता येईल. खेळ म्हणजे संग्रहालय नव्हे. खेळणाऱ्याला दुरूनही शस्त्र ओळखता आले पाहिजे. दोन शस्त्रांत निवड करण्याजोगा भेद असला पाहिजे. पडद्यावरील पाते अगदी बारीक केले तर ते कडेने दिसेनासे होते. हा आक्षेप खरा आहे, आणि कलेच्या प्रत्येक माध्यमाला तो लागू पडतो. बायोच्या भरतकाम करणाऱ्यांनीही कडीला वर्तुळाचे रूप दिलेच होते. परंतु माध्यमाच्या गरजेने जाणूनबुजून केलेला बदल आणि न कळत वारशाने आलेला भ्रम, या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिल्याचे कारण कारागिराला सांगता येते. दुसऱ्याचे अस्तित्वच त्याला ठाऊक नसते. इतिहासाच्या अभ्यासकाने पहिल्याविषयी उदार असावे आणि दुसऱ्याविषयी कठोर.

कठोर असण्याचे कारण असे की, येथे केवळ वजनाच्या आकड्याचा प्रश्न नाही. सात किलोग्रॅमचे, बोथट, अंगबळावरच फिरविता येणारे खड्ग ही एक संपूर्ण कल्पना आहे. तिच्यात असे गृहीत असते की, ते घडविणाऱ्या लोहाराला तोल कळत नव्हता आणि ते चालविणाऱ्याला विद्या नव्हती. मध्ययुग म्हणजे अडाणी बळाचा काळ, हा जो समज मागील शतकांनी रूढ केला, त्याला ही प्रतिकृती रोज नवा पुरावा पुरविते. दहा वर्षे ते खड्ग पडद्यावर फिरविलेला विद्यार्थी जेव्हा टालहोफरचे हस्तलिखित उघडतो, तेव्हा तेथील चपळ पवित्रे त्याला कविकल्पना वाटू लागतात. खोट्या वस्तूमुळे खऱ्या ग्रंथावरचा विश्वास उडतो; हानी आहे ती ही.

८

ही प्रक्रिया युरोपीय शस्त्रांपुरती मर्यादित नाही. मराठी भाषकाला तिची प्रचीती आपल्याच शब्दांवरून येऊ शकते. दोन उभ्या पट्ट्यांमध्ये आडवी मूठ असलेली, मुठीत आवळून खुपसावयाची जी भारतीय कट्यार, तिला इंग्रजी ग्रंथांत ‘कटार’ हे एकच नाव रूढ आहे. विल्ब्रहॅम एगर्टन यांच्या १८८० च्या भारतीय शस्त्रांच्या सूचीने ते दृढ झाले. पुढे जी. एन. पंत यांनी असे प्रतिपादन केले की, या शस्त्राचे योग्य नाव ‘जमधर’ असून ‘कटार’ हे नाव त्याला एगर्टनच्या चुकीने चिकटले. मराठीत तर ‘कट्यार’ हा शब्द एवढ्या एकाच आकाराला कधीच बांधलेला नव्हता. आता पुढील पायरी पाहावी : ‘डायब्लो’ या खेळाच्या दुसऱ्या भागाला २००१ मध्ये जी पुरवणी निघाली, तिच्यात ‘कटार’ हे पंजावर चढवावयाच्या नख्यांच्या वर्गात घातले आहे, आणि ‘कात्री-कटार’ अशी एक पोटजातही केली आहे. शब्द दख्खनमध्ये ओळखीचा, वर्ग लंडनमध्ये पाडलेला, आणि वस्तू कॅलिफोर्नियात कल्पिलेली, असा हा प्रवास आहे.

याच्या उलट उदाहरण ‘फिरंग’ या शब्दाचे. मराठ्यांच्या शस्त्रागारातील फिरंग म्हणजे फिरंग्यांच्या मुलखातून आलेले सरळ पाते एतद्देशीय मुठीत बसविलेली तलवार. पुढे त्याच धर्तीच्या देशी पात्यांनाही ते नाव मिळाले. हे नाव रूप सांगत नाही, उगम सांगते. केवळ मुठीवरून पाहणारा तिला भारतीय म्हणेल, केवळ पात्यावरून पाहणारा युरोपीय म्हणेल. आणि दोघेही अर्धे बरोबर असतील. शस्त्रांच्या नावांचा विचार महाराष्ट्राला नवा नाही. शिवराज्याभिषेकानंतर रघुनाथपंडितांनी रचलेल्या ‘राजव्यवहारकोशा’त शस्त्रांसाठी एक स्वतंत्र वर्ग असून रूढ यावनी नावांना तेथे संस्कृत प्रतिशब्द दिले आहेत. राज्य बदलले की शस्त्राचे नावही बदलते, वस्तू तीच राहते, याची जाणीव त्या कोशकारांना होती.

९

तात्पर्य, इतिहासाला धरून शस्त्राची प्रतिकृती करावयाची, तर कामाच्या आरंभी एक तीन रकान्यांचा तक्ता करावा. पहिल्या रकान्यात त्या देशातील व त्या काळातील लोक वस्तूला काय म्हणत ते लिहावे, आणि तो शब्द वस्तूचा आहे की विनियोगाचा हे नोंदवावे. दुसऱ्यात नंतरच्या अभ्यासकांनी दिलेला प्रकार लिहावा. तो कोणी व कोणत्या वर्षी दिला, तेही लिहावे. तिसऱ्यात प्रत्यक्ष शिल्लक असलेल्या एखाद्या वस्तूची लांबी, रुंदी, उतरत जाणारी जाडी, वजन व तोलबिंदू द्यावेत. प्रतिकृती तिसऱ्या रकान्यावरून घडवावी आणि नाव पहिल्यावरून घ्यावे. दुसरा रकाना या दोहोंमधील दुवा म्हणून ठेवावा. त्याला उगमाचे स्थान देऊ नये.

जाळे पूर्ण झाल्यावर त्याचे घनफळ काढून पोलादाच्या घनतेने गुणावे. संगणकाला हे काम क्षणाचे आहे. आलेला आकडा तिसऱ्या रकान्यातील वजनाशी जुळला, तर रूप, वजन आणि हालचाल यांचा तुटलेला संबंध पुष्कळ अंशी पुन्हा जोडला गेला असे समजावे. जुळला नाही, तर चूक बहुधा जाडीत असेल. आणि ती जाडी कोठून आली याचा माग काढू लागल्यास वाट प्रायः पहिल्या दिवशी हाती आलेल्या एखाद्या शब्दापाशीच जाऊन थांबेल.